कापूर घातलेली खळ

“मालन, आज खळीला वास नाही आला,” ढवळे मालक पातेल्यावर वाकून म्हणाले.

माझा हात थांबला नाही. थांबला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. मी दांडा फिरवत राहिले आणि म्हणाले, “कापूर संपला, मालक. सकाळी देवापुढं लावला तो शेवटचा.”

“मग चिकटेल ना?”

“कापूर नुसता वासाला. चिकटायचं काम मैद्याचं.”

“तू बघ बाई. दोनशे खोकी आहेत, चारला ट्रक लागतोय.” जाता जाता ते दारात वळले. “काळजी नाही म्हणा. तुझी खळ म्हणजे सिमेंट.”

ते गेल्यावर मी पातेल्यात पाहिलं. त्यात त्या दिवशी मैदा नव्हताच. पहाटे घरून आणलेली भाताची पातळ पेज होती, पाणी होतं आणि दोन मुठी साबणाची पावडर होती. दिसायला तेच, पांढरं आणि बुळबुळीत. त्या दोनशे खोक्यांच्या मालात खरा साबण म्हणाल तर तेवढाच होता.

गोष्ट कुपवाडच्या एमआयडीसीतली, वीस-एक वर्षांपूर्वीची. पत्र्याची शेड आणि आम्ही अकरा बायका. मालाचं नाव ‘लखलख’. संडास आणि फरशी साफ करायचं ॲसिड. नळाच्या पिंपातून बाटल्या भरायच्या, बूच मारायचं, बारा बाटल्या एका खोक्यात बसवायच्या आणि वरून कागद चिकटवायचे. कागद चिकटवायचं खातं माझ्याकडं होतं, कारण मला वाचता यायचं. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं मी मिळेल त्यावरून शिकले. इंग्रजी तर बाटल्यांवरूनच शिकले, त्यामुळं ‘डेंजर’ हा शब्द आधी आला आणि ‘थँक्यू’ फार उशिरा.

खळीचा हात मात्र आईचा. माझे वडील गावोगाव तंबूतल्या सिनेमाची पोस्टरं भिंतीवर लावत फिरायचे आणि आई त्यांना खळ शिजवून द्यायची. मैदा, चिमूटभर तुरटी आणि उतरवताना कापराची एक वडी चुरडून. खळीच्या वासावर गाई-शेळ्या भिंतीपाशी येतात आणि अख्खा सिनेमा खाऊन टाकतात. कापूर असला की तोंड लावत नाहीत. लहानपणी मी आणि दादा त्या वासातच वाढलो. आमच्या कपड्यांना, पाटी-दप्तराला, जेवणाच्या ताटांनासुद्धा कापराचा वास यायचा. गावात म्हणायचे, पोरं देवळातली आहेत की काय.

त्या दिवशी कापूर संपला नव्हता. माझ्या कमरेच्या पिशवीत सहा वड्या होत्या. पण आईचा कापूर असल्या कामात घालायचा नाही, हे मी ठरवलं होतं.

आता ‘असलं काम’ कशासाठी, ते सांगते.

आमची खोकी साधी नव्हती. मालकांनी एकदा लांबच्या एका बड्या गिऱ्हाइकासाठी ती सगळ्या नियमाप्रमाणं छापून घेतली होती, हजारांनी. प्रत्येक खोक्याच्या बाजूवर टोकावर उभा केलेला चौकोन, वरचा अर्धा पांढरा आणि खालचा काळा. पांढऱ्या भागात दोन नळ्यांमधून थेंब पडतायत. एक थेंब लोखंडाच्या पट्टीवर, एक माणसाच्या हातावर, आणि दोन्ही झिजून चाललेत. खोक्याच्या दोन बाजूंना वर तोंड केलेले बाण होते. तो सौदा मोडला आणि खोकी गळ्यात पडली. असला चौकोन असलेला माल ट्रान्सपोर्टवाले मंगळवारीच घ्यायचे. त्याची गाडी वेगळी, गाडीला पाटी वेगळी आणि सोबत खाण्यापिण्याचा माल चालायचा नाही. मालकांना थांबायला वेळ नसायचा. म्हणून त्यांनी मोठे कागद छापून आणले. ‘साबण पावडर’, खाली हसणारी बाई आणि कोपऱ्यात ‘एकावर एक मोफत’. कागदाचं माप असं बेतलेलं की खोक्याला वळसा घालून चौकोन आणि बाण दोन्ही झाकले जावेत.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मालक, हे खालचं चित्र?”

“जुनं आहे ते. दुसऱ्याच मालाचं. झाक.”

मी झाकलं. मालक सांगतात म्हटल्यावर झाकलं. आणि अर्धं कळत होतं तरी झाकलं, हेही इथं लिहूनच टाकते.

माझा दादा, सदाशिव, ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. तिथल्या चौदा हमालांत वाचता येणारा एकच, आणि तोही फक्त स्वतःचं नाव. पण चित्रं सगळ्यांना वाचता यायची. फुटका पेला म्हणजे छातीशी धरायचं. छत्री म्हणजे पावसापासून जपायचं. आणि त्या नळ्यांच्या चित्राला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘हातखाऊ’. हातखाऊ असला की खोकं डोक्यावर घ्यायचं नाही, खांद्यावर घ्यायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून हातगाडीवर उभं ठेवायचं, आणि ज्यानं धरलंय त्याच्याशी कुणी थट्टा करायची नाही. हा त्यांचा त्यांनी केलेला नियम. कुणी एकट्यानं हातखाऊ उचलला तर बाकीचे दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

फाल्गुनात एका दुपारी दादानं एक खोकं डोक्यावर घेतलं. त्यावर ‘साबण पावडर’ होतं आणि हसणारी बाई होती. बाण दिसत नव्हते, त्यामुळं ते उलटं घेतलं गेलं. आतलं एक बूच सैल होतं.

डावा डोळा गेला. कानाची पाळी गेली. मानेवरून पाठीपर्यंत कातडी अशी झाली की पुढं कित्येक महिने त्याला सदरा घालता येत नव्हता.

सिव्हिलमध्ये मालक आले. शहाळं आणलं होतं, बिस्किटं आणली होती. माणूस वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. माझ्या पोरीला गोवर आला तेव्हा त्यांनीच स्वतःच्या स्कूटरवरून डॉक्टर आणला होता. दादाच्या उशाशी बसून ते म्हणाले, “सदाशिवराव, लवकर बरे व्हा.” मला बाहेर बोलावून म्हणाले, “मालन, चूक कुणाची म्हणायची गं? नशीब.”

मी तेव्हा मान हलवली. नशीब म्हटलं की आपल्याकडं मान आपोआप हलते.

आठ दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या बुकिंगमास्तरांकडं गेले. दादाच्या नावावर अपघात लिहून घ्या, बरा झाला की बसून करायचं एखादं काम द्या, एवढं मागायला गेले होते. मास्तरांनी चष्मा लावला आणि एक पत्र काढलं.

“तुझ्या मालकाचं आहे. वाचू?”

“मला वाचता येतं.”

“मग तूच वाच. माझ्याच्यानं मोठ्यानं वाचवणार नाही.”

पत्रात लिहिलं होतं, आमच्या खोक्यांत साबण पावडर होती. तुमचा हमाल दारू पिऊन आला होता आणि त्यानं दुसऱ्याच कुणाचं तरी बॅटरीचं पाणी अंगावर सांडून घेतलं. खाली ढवळे मालकांची गोल, सुंदर सही.

दादानं आयुष्यात कधी पानसुद्धा खाल्लं नव्हतं. तंबाखूचा वास आला की त्याला शिंका यायच्या. त्या पत्रावरून त्याला हमालांच्या यादीतून काढलं. सोबतच्या तेरा जणांना ते खोटं आहे हे माहीत होतं. पण कागदापुढं तेरा माणसं काही नसतात, त्यांना कागद करता येत नसेल तर.

मी उठले तेव्हा मास्तर म्हणाले, “थांब.” कपाटातून त्यांनी एक पातळ पुस्तिका काढली. पिवळी पडलेली, इंग्रजी आणि हिंदीतली. “घरात लागणारा धोक्याचा माल पाठवायचा तर खोक्यावर काय असावं, त्याचे नियम आहेत यात. इथं कुणी वाचत नाही. तू वाच.”

“वाचून काय करू, मास्तर?”

“मला काय माहीत. तुझा चेहरा बघून दिली.”

ती पुस्तिका मी दादाच्या खाटेजवळ बसून वाचली, ओळीवर बोट ठेवून, शब्दकोश मांडीवर घेऊन. चिन्ह बाजूवर असावं, वर किंवा खाली नसावं. चिन्ह कोपऱ्यावर दुमडू नये. बाण समोरासमोरच्या दोन बाजूंना असावेत. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता. आणि बाराव्या पानावर एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे: चिन्ह झाकलं जाईल असं दुसरं काहीही त्यावर चिकटवू नये.

दादा एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होता. “काय वाचतीस गं, माले?”

“काही नाही. कामाचं आहे.”

खोकं कुठल्या मालाचं होतं, कागद कुणी चिकटवला होता, हे त्यानं मला एका अक्षरानं विचारलं नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

मला मालक तोंडघशी पडलेले पाहिजे होते, त्यांच्या स्वतःच्या सहीसकट. तक्रार देऊन उपयोग नव्हता. तपासायला कोण येणार असेल तर आठवडाभर आधी कळायचं आणि त्या आठवड्यात आम्ही खरोखरची साबण पावडर भरायचो. खोकी नियमाप्रमाणं छापलेलीच होती. मग मला वाटलं, आपण वेगळं काही करायचंच नाही. फक्त चिकटवायचं ते चिकटू द्यायचं नाही.

पंधरा दिवस मी घराच्या पत्र्यावर प्रयोग केले. खोक्याचे तुकडे आणले, कागद आणले. एकात तुरटी घातली नाही. एकात पाणी वाढवलं. एकात भाताची पेज घेतली. शेजारीण म्हणाली, “मालनताई, पापड घातलेत का?” मी म्हटलं, “होय, उडदाचे.” ओली असताना घट्ट बसेल, दोन-तीन तास बसेल आणि चैत्राच्या उन्हात वाळली की आपोआप सुटेल अशी खळ मला हवी होती. पेज आणि साबणाची पावडर, हे जमलं. चार तासांत कोपरे उचलायला लागायचे. सहा तासांत कागद पत्र्यावरून उडत जाऊन शेजारणीच्या तुळशीत पडायचा.

लातूरची मोठी ऑर्डर आली तेव्हा मी तयार होते.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यात आधी केली. तीन दिवस त्या दोनशे खोक्यांतल्या प्रत्येक बाटलीचं बूच मी स्वतः आवळलं. फडक्यात धरून, बाटली उलटी करून, हातावर थेंब येतो का बघून. चोवीसशे बाटल्या. माझा सूड मालकावर होता, लातूरच्या कुणाच्या दादावर नव्हता. मालकांनी ते बघितलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाले, “बघा, काम असं असतं.” त्या बायका माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती मी अजून विसरले नाही.

तर त्या दिवशी मालक वास घेऊन गेले आणि आम्ही चिकटवायला बसलो. माझ्या शेजारी शमाभाभी होती, मिरजेची. वयानं मोठी, हातानं चपळ. तिनं पहिला कागद बुडवला, खोक्यावर बसवला आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली.

“मालन,” ती हळूच म्हणाली, “ये खळ नहीं है. ये तो पेज है.”

“पेजच आहे.”

“सूख गया तो निकल जायेगा.”

“निघू दे.”

तिनं मान वर केली. तिच्या घरात सहा खाणारी तोंडं होती, ते मला माहीत होतं. कारखाना बंद पडला तर काय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मला वाचता यायचं. मी म्हणाले, “भाभी, तुम्ही उठून मालकांना सांगितलं तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही.”

तिनं दुसरा कागद उचलला. “तेरा भाई मेरे को आपा बोलता था,” ती म्हणाली आणि कागद पातेल्यात बुडवला. मग म्हणाली, “जल्दी कर. चार बजे गाड़ी है.”

साडेतीनला मालकांनी बिल्टी, म्हणजे ट्रकसोबत जायची मालाची पावती, भरली. मी मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन टेबलाशी उभी राहिले. माल: साबण पावडर. नग: दोनशे. धोक्याचा माल आहे काय: नाही. खाली गोल, सुंदर सही. शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर फुंकर घातली. मला वाटलं, माझ्या खळीलाच फुंकर घालतायत.

ट्रक भरायला आम्हीच होतो. प्रत्येक खोकं मी दोघींना धरायला लावलं, बुचांची बाजू वर ठेवून, सरळ, आणि कुठंही तीन थरांच्या वर जाऊ दिलं नाही. ड्रायव्हर वैतागला. “साबणाला एवढं काय जपताय, मावशी?”

“महागाचा साबण आहे बाबा,” मी म्हणाले.

ताडपत्री ओढली गेली. आत तापायला सुरुवात झाली असणार.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. मालक उचलायला गेले आणि आम्ही बूच मारत बसलो. काचेच्या केबिनमधलं ऐकू येत नाही, पण दिसतं. ते आधी बसून बोलत होते. मग उभे राहिले. मग दुसरा हात टेबलावर टेकला. फोन ठेवला. मग त्यांनी काचेतून बाहेर बघितलं, अकरा बायकांमधून नेमकं माझ्याकडं.

लातूरला काय झालं ते मला नंतर मास्तरांनी सांगितलं. ताडपत्री काढली तर ट्रकच्या फळीवर कागदांचा सडा. पानगळ व्हावी तशा दोनशे हसणाऱ्या बायका खाली पडलेल्या आणि खोक्यांवर एका ओळीत दोनशे हातखाऊ. तिथल्या हमालांनाही ते चित्र वाचता येत होतं. त्यांनी हात मागं घेतले. बिल्टीत साबण, खोक्यावर हातखाऊ आणि पायाखाली झाकायचे कागद. त्यांच्या मुकादमानं गोदामाच्या साहेबाला बोलावलं, साहेबानं अधिकाऱ्यांना. त्याच ट्रकमध्ये शेजारी एका बेकरीच्या टोस्टची पोती होती.

मालक माझ्यापुढं येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. त्यांना चढवता यायचा नाही.

“मालन, कागद सुटले.”

“होय?”

“दोनशेच्या दोनशे.”

“ऊन लई आहे, मालक.”

“चार वर्षांत तुझा एक कागद सुटलेला नाही. पावसाळ्यात सुटला नाही. आज कसा सुटला?”

सगळ्यांचे हात थांबले होते. शमाभाभी मान खाली घालून एकच बूच पुन्हा पुन्हा आवळत होती.

“काय सांगू, मालक,” मी म्हणाले. “खळ दारू पिऊन आली असंल.”

त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. आधी त्यांना काही कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी डोळे मिटले. मी दोन महिने ज्याची वाट बघितली होती ते हेच होतं. खोटं सांगत नाही, मला ते फार गोड लागलं. इतकं गोड मी त्याआधी काही चाखलं नव्हतं.

“मी तुझ्या पोरीसाठी डॉक्टर आणला होता गं,” ते म्हणाले.

“होय. म्हणून तुमच्या अंगावर काही सांडलं नाही.”

मी पदराला हात पुसले, पुस्तिकेचं बारावं पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि डबा घेऊन बाहेर पडले.

पुढचं सरळ झालं. चौकशी झाली, जुन्या बिल्ट्या निघाल्या, त्यात दादाच्या दिवसाचीही निघाली. पत्रातली दारू खोटी ठरली. ट्रान्सपोर्टनं दादाला गोदामाच्या फाटकावर बसायचं काम दिलं. आषाढात शेडला कुलूप लागलं. मालक त्यांच्या बहिणीकडं बेळगावला गेले, पुढं मी त्यांना पाहिलं नाही. दहा बायकांची कामं गेली. काहींना सूतगिरणीत मिळाली, काहींना नाही. शमाभाभी वर्षभर घरी विड्या वळत होती. ईदला शीरखुर्मा पाठवायची, पण स्वतः यायची नाही. का येत नाही ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

गेल्या जूनची गोष्ट. दादाच्या नातवाची शाळा सुरू होणार होती आणि वह्यांना कव्हरं घालायची होती. दुकानात चिकट पाठीची लेबलं मिळतात आता, पण दादाला ती आवडत नाहीत. वह्यांचा गठ्ठा घेऊन तो सकाळीच माझ्याकडं आला, ओट्याजवळ पाटावर बसला आणि म्हणाला, “खळ कर.”

मी मैदा भिजवला, तुरटी घातली, ढवळत राहिले. उतरवताना कापराची वडी चुरडली. वास स्वयंपाकघरात पसरला. दादानं तोंड वर केलं, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं नाही, दुसऱ्याच. हुंगत राहिला.

“आईची आठवण येती,” मी म्हणाले.

“आईची येती,” तो म्हणाला. “त्या खोक्याची बी येती.”

माझा हात थांबला.

“कुठल्या खोक्याची?”

“कुठल्या म्हंजे? माझ्या.” त्यानं एक वही मांडीवर घेतली, तपकिरी कागद तिच्यावर बसवून बघितला. “काळा कोपरा दिसला हुता मला. हसत्या बाईच्या कागदाखालनं वाईच डोकावत हुता. म्हटलं, हातखाऊ हाय का काय. नखानं उचकटून बघितला.”

“मग?”

“निघंना. लई मन लावून चिकटवल्याला. पोरं म्हणली, सदा, ठेव खाली, दोघं मिळून घिऊ. मी वाकलो, आन् वास आला. कापराचा.” तो घडी घालत होता, कडा बोटानं दाबत होता. “म्हटलं, आरं, हे तर आपल्या मालीच्या हातचं खोकं. तिच्या हातचं म्हंजे साबणच असणार. घेतलं डोक्यावर.”

बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. पातेल्यातल्या खळीवर साय धरायला लागली होती.

“वीस वर्षं बोलला नाहीस,” मी म्हणाले.

“तू इचारलं न्हाईस.”

“दादा…”

“आन् तवा तू मालकाच्या मागं लागली हुतीस. म्हटलं, लागू दे. कुणाच्या तरी मागं लागली म्हंजे तरून जाईल. न्हाईतर सोताच्याच मागं लागली असती.” त्यानं हात पुढं केला. “लेबल दे हिकडं. वाळून जाईल.”

मी लेबलाला खळ लावून दिलं. त्यानं ते वहीवर मधोमध बसवलं, अंगठ्यानं दाबलं, मग चांगला डोळा जवळ नेऊन चारी कोपरे तपासले. एका कोपऱ्याखाली नख घालून त्यानं उचकटून बघितलं.

निघाला नाही.

“झकास,” तो म्हणाला आणि दुसरी वही घेतली.